तिसऱ्या भागात शत्रू थांबतो

चि. धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद. पुढे "पत्रास कारण की" असं लिहायची रीत आहे, पण या पत्राला कारण तूच आहेस, म्हणून ते वेगळं लिहीत नाही. तुझा खोकला कसा आहे? (मागच्या पत्रात दोन पानं नुसता खोकलाच होता. तेवढ्या वेळात माणूस बरा होतो.) भावजयीची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, जड उचलू नकोस, आणि जड म्हणजे सकाळी तुलाही उचलू नकोस, तू आपोआप उठशील. शाळेतल्या मुलांना तू चित्रकला शिकवतोस, त्यात त्यांचं भलं होवो. मी बरी आहे. गुडघा आहे तिथेच आहे. दुकानही आहे तिथेच आहे. लोक कपडे इस्त्रीला टाकतात, न्यायला विसरतात, आणि मग मीच पळवले असं तोंड करून येतात. आता मुद्द्यावर येते. तुझ्यासारखं नमनाला घडाभर तेल मला जमत नाही.

तुला आठवत असेल, बारकी लहान असताना तू तिच्या वाढदिवसाला एक जपानी खेळ आणला होतास, टीव्हीला जोडायचा. मी तेव्हाच म्हटलं होतं, पोरीला फ्रॉक आण, बूट आण, उपयोगी पडेल असं काहीतरी आण. पण तू मामा ना! मामाला अक्कल नसली तरी चालते, हौस असली की झालं. त्या खेळात एक पोरगा हातात कंदील घेऊन राक्षस मारत हिंडतो. त्या कंदिलातच सगळी जादू, आग, पाणी, वारा, वीज. खेळाचं खरं नाव जपानी आहे, ते म्हणायला गेले की माझ्या जिभेला गाठ बसते, म्हणून आपल्या घरात त्याला पहिल्यापासून कंदीलवाला म्हणतात. मला वाटलं होतं, पोर मोठी होईल आणि विसरेल. पोर मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागली, आणि त्या जपानी लोकांनी मागोमाग दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा असे भाग काढले. त्यांना दुसरं काम नाही.

तर या कंदीलवाल्यामुळेच तिचं लग्न ठरलं आणि या कंदीलवाल्यामुळेच ते मोडायला आलं. ठरलं कसं, ते तुला माहीत आहे. एक दातांचा डॉक्टर चष्मा मोडून दुकानात आला, त्याच्या किल्ल्यांना तो कंदील लटकत होता, तो बारकीने पाहिला, मग बोलणं झालं. पुढच्या वेळी तो न मोडलेला चष्मा घेऊन आला. त्याच्या पुढच्या वेळी चष्माच न घेता आला. माझी काही हरकत नव्हती. मुलगा चांगला आहे, हात हलका आहे, माझी वरची कवळी त्याने अशी बसवली की मी विसरून ती घालूनच झोपते. खोड एकच, घाई. तो बोलतो घाईत, चालतो घाईत, चहात बिस्कीट बुडायच्या आत तोंडात टाकतो. आम्ही नोंदणीची तारीख घेतली, तुलाही कळवली. आणि एका संध्याकाळी बारकी घरी आली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "आई, लग्न होणार नाही."

मी विचारलं, का? दारू पितो? नाही. आधीचं लग्न आहे? नाही. आई त्रास देणारी आहे? नाही, उलट प्रेमळ आहे. मग झालं काय?

"त्याला पाचवा भाग आवडतो."

धाकट्या, मी सातवीपर्यंत शिकले. त्यातली सहावी दोनदा. पण एवढं मला कळतं की माणूस पाचव्या भागामुळे नाकारायचा नसतो. मी तिला तसं बोलले, तर ती म्हणाली, तुला नियम माहीत नाहीत, तू बोलू नकोस. माझ्या घरात, माझ्या इस्त्रीच्या टेबलाला टेकून, मला बोलू नकोस! वरून माझी खालची कवळी त्या डॉक्टरकडे अर्धवट पडलेली. लग्न मोडलं तर मी काय आयुष्यभर वरच्याच दातांनी चावू? म्हणून मी ठरवलं, नियम शिकायचे.

आता नीट वाच, मी हे एकदाच लिहिणार आहे. पहिला भाग तुला माहीतच आहे. त्यात जादू मोजून मिळते. आग इतक्या वेळा, पाणी इतक्या वेळा, संपली की मुक्कामाच्या घरी जाऊन झोपायचं, सकाळी पुन्हा भरलेली. (बारकी त्या काळात कंजूष झाली होती ते आठव. पेन्सिलसुद्धा अर्धी वापरून ठेवायची. तुझी कृपा.) दुसऱ्या भागात कंदिलात तेल असतं. लहान जादूला थोडं तेल, मोठीला जास्त, आणि उगाच उजेड पाडत बसलात तर ऐन वेळी अंधार. हा भाग मला पटला. हा ज्याने केला त्याने घर चालवलेलं असणार. चौथ्या भागात जादू करायच्या आधी नाचावं लागतं. राक्षस समोर उभा, आणि हा कंदील खाली ठेवून गिरक्या घेतोय. चौथा भाग टाकाऊ आहे यावर बारकी आणि डॉक्टर दोघांचं एकमत आहे. मी म्हटलं, लग्नाला एवढं एकमत पुष्कळ झालं, आमच्या वेळी तेवढंही नव्हतं. पण ऐकतो कोण.

खरी मारामारी तिसऱ्या आणि पाचव्याची. तिसरा बारकीचा. त्यात पाळी असते. आधी तुझी पाळी, मग तुझ्या सोबत्याची, मग राक्षसाची. प्रत्येकाला विचारल्याशिवाय कोणी हात हलवत नाही. सोबत्याची जखम भरायची असेल तर आपली पाळी त्यात घालवायची, म्हणजे त्या खेपेला आपण मारायचं नाही. पाचवा डॉक्टरांचा. त्यात पाळीच नाही. सगळे एकदम धावतात, एकदम मारतात, जखम झाली तर बाजूला उभं राहिलं की ती आपोआप भरते. आणि सोबती? सोबती आपल्या मनाने लढतो. त्याला विचारायचं नाही, सांगायचं नाही, तुम्ही पुढे पळालात की तो मागून येतोच.

मला हे तोंडी सांगून कळेना, म्हणून बारकी कामाला गेल्यावर मी दुकानाच्या मागच्या खोलीत तिसरा भाग लावला. पहिलाच शत्रू निघाला, निळा, लिबलिबीत, जेलीसारखा. मी त्याच्यावर पाणी टाकलं. (कपड्यावरचा डाग समजले, सवय.) तो पाण्याचाच बनलेला होता. तो दुप्पट झाला. मी घाबरून ते खेळायचं बटणांचं यंत्र हातातून खाली ठेवलं आणि आता हा काय करतो ते बघत बसले. तो काहीच करेना. मी त्याच्याकडे बघते, तो माझ्याकडे बघतो. पाळी माझी होती ना! तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. मी बाहेर गेले, पडद्यांचा एक ढीग इस्त्री केला, पलीकडच्या हॉटेलात चादरी पोचवल्या, येताना चहा घेतला, हॉटेलवाल्याच्या बायकोशी दोन शब्द बोलले, परत आले, तरी तो जेलीचा गोळा जागच्या जागी डुलत उभा. इतकी रीत मी माणसांत पाहिली नाही. तुझ्यात तर नाहीच, तू समोरच्याचं वाक्य संपायच्या आत खोकतोस. मग मी पाचवा भाग लावला. चष्मा कुठे ठेवला ते शोधेपर्यंत मेले. पुन्हा लावला. चष्मा घालून मेले.

एवढी तयारी झाल्यावर मी डॉक्टरांकडे गेले, माझी खालची कवळी मागायला. तो बिचारा मला पाहून उभाच राहिला, "या आई, बसा आई" करत खुर्चीत झोपवलं, तोंड उघडायला लावलं आणि दोन्ही हात आत घातले. आणि मग बोलायला लागला. धाकट्या, याच्याइतकी अन्यायाची जागा जगात नाही. माझं तोंड उघडं, त्यात त्याची बोटं, आरसा आणि कापूस, आणि हा मला पाचव्या भागाची थोरवी सांगतोय. म्हणे, आई, पाचव्या भागात खरा विश्वास आहे, सोबत्याला न विचारता कळतं. मी म्हटलं, "आ." म्हणे, मी तिला इतकं ओळखतो, मला कशाला विचारावं लागेल? मी म्हटलं, "आ, आ." मग सहज सांगावं तसं म्हणाला, की दुसऱ्या एका गावात दवाखान्यासाठी जागा बघितली, लग्नानंतर तिकडेच राहायचं, मालकाला हो सांगून टाकलं, तिला एकदम आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. धक्का बसला, पण तिने भलतंच विचारलं. विचारलं की, पाचव्या भागात तुझा सोबती कोणाला विचारून लढतो? याने उत्तर दिलं, विचारायची गरजच पडत नाही, तीच तर त्यातली गंमत! तर उठूनच गेली. "आई, एवढ्याशा खेळावरून कोणी लग्न मोडतं का हो?"

मी जीव तोडून ओरडले. त्याला वाटलं दुखतंय. त्याने आणखी कापूस घातला.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख झालं. दोघं भांडत होते जागेवरून, नाव घेत होते कंदीलवाल्याचं. शिकलेली माणसं सरळ भांडत नाहीत. मी आणि तुझे भावजी भांडायचो तेव्हा ज्याच्यावरून भांडण त्याचंच नाव घ्यायचो, जसं की तुझं. पण हे बारकीला सांगण्यात अर्थ नव्हता, तिला ते ठाऊकच होतं. आणि त्याला सांगून कळलं नसतं. काही माणसांना हातात दिल्याशिवाय कळत नाही. म्हणून रविवारी दुकान बंद असताना दुपारी मी त्याला निरोप धाडला, खालची कवळी टोचते, ताबडतोब या. (टोचत नव्हती. उत्तम बसली आहे.) तो हत्यारांची पेटी घेऊन धावत आला. मी त्याला मागच्या खोलीत नेलं, तिथे बारकी उशांच्या अभ्र्यांच्या घड्या करत बसलेली. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि मी दाराला कडी घातली.

मी म्हटलं, आता तिसऱ्या भागाच्या नियमाने भांडायचं. पाळीने. एक बोलेल तेव्हा दुसऱ्याने गप्प. आधी डॉक्टर. डॉक्टर सुरू झाले ते थांबेचनात, आणि चूक काय ते सोडून सगळं बोलले. संपल्यावर मी बारकीकडे बघितलं. बारकी म्हणाली, "बचाव."

मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, नियमात आहे, आपल्या पाळीला मारायचं नसेल तर नुसता बचाव घेता येतो. बरं. पुन्हा डॉक्टर. पुन्हा बारकी, "बचाव." पुन्हा डॉक्टर, आता घाम पुसत. "बचाव." तिने सगळ्या अभ्र्यांच्या घड्या संपवल्या तरी तिचा बचाव संपेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नियम मी काढला आणि त्यात मीच अडकले, कारण पंचाला मध्ये बोलता येत नाही, आणि मी न बोलता एवढा वेळ बसल्याचं तुला आठवतंय का? शेवटी मी टीव्हीवर तिसरा भाग लावला, दोघांच्या हातात एकेक यंत्र कोंबलं आणि म्हटलं, जा, त्या राक्षसाला मारा, माझं डोकं दुखायला लागलंय. आणि मी वकिलाचा काळा कोट इस्त्रीला घेतला, कारण हात रिकामे असले की माझी जीभ चालते.

राक्षस घुबडाच्या तोंडाचा होता, तळघरात राहणारा. सुरुवातीला डॉक्टर नुसता बटणं दाबत होता, लोक लिफ्टचं बटण दाबतात तसा, पाळी नसतानाही. काही व्हायचं नाही. बारकी आपल्या पाळीला सावकाश विचार करायची, मुद्दाम सावकाश, मी ओळखते ना तिला. याचा पाय हलायला लागला. मग पाय थांबला. मग हात मांडीवर आले. धाकट्या, त्या पोराला मी पहिल्यांदाच नुसतं बसलेलं पाहिलं. बसल्यावर बरा दिसतो.

लढाई अगदी टोकाला आली. राक्षस एका फटक्याचा राहिला होता, आणि बारकीचा कंदीलही, म्हणजे तिचा जीव, विझायला आलेला. पाळी डॉक्टरांची. मारलं तर बहुतेक राक्षस संपेल, पण फटका हुकला तर बारकी मरेल. तिची जखम भरली तर ती कदाचित वाचेल, पण पाळी जाईल. तो इतका वेळ गप्प बसला की मला वाटलं टीव्ही बंद पडला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "मी काय करू? तू सांग."

बारकीने मान वर केली. त्या दुपारी पहिल्यांदा. म्हणाली, "मार."

आणि या शहाण्याने तिची जखम भरली.

राक्षसाने पुढच्या पाळीला दोघांनाही जमीनदोस्त केलं. बारकी ताडकन उठली. "अरे, विचारलंस ना मला? मग ऐकलं का नाहीस?" तो म्हणाला, "विचारायचं असतं एवढंच आत्ता कळलं. ऐकायचं पण असतं?" आणि तोंड असं केलं, की दात काढायला त्यालाच खुर्चीत बसवलंय. बारकी हसायला लागली. आधी नाकातून, मग बसून, मग अभ्र्यांच्या ढिगात तोंड खुपसून. (सगळ्यांच्या परत घड्या कराव्या लागल्या, मलाच.) तोही हसला. त्यांनी खेळ पुन्हा लावला. या खेपेला प्रत्येक पाळीला एकमेकांना इतकं विचारत होते की राक्षसालाच जांभई आली असेल. आणि मध्येच, टीव्हीवरची नजर न काढता, बारकी म्हणाली, "त्या जागेला खिडक्या किती आहेत?"

तो म्हणाला, "मोजल्या नाहीत."

"मग चल, बघून येऊ. आवडली नाही तर मालकाला नाही सांगायचं."

"तू सांगशील की मी?"

"पाळी तुझी."

तेव्हाच मला जळका वास आला. वकिलाच्या कोटावर, पाठीच्या बरोबर मधोमध, इस्त्रीचा ठसा उमटला आहे. मी त्यांना म्हणणार आहे की कोर्टात पाठ कोणाला दाखवूच नका.

तर लग्न होणार. तारीख तीच. नव्या तारखेचा खटाटोप मी करू देणार नाही. तू भावजयीला घेऊन वेळेवर ये, आणि आल्यावर आत्ता लिहिलेलं यातलं काही माहीत नाही असं दाखव. बारकीला कळलं की मी घरातलं सगळं तुला लिहिते, तर तिचा बचाव लग्नापर्यंत चालेल. खोकल्याला औषध घे, औषधाबद्दल पत्र लिहू नकोस.

तुझी,
इस्त्रीवाली ताई

ता. क. भेट म्हणून काही आणू नकोस. खेळ तर मुळीच नको. तुझ्या एका भेटीला मी इतकी वर्षं पुरून उरले.

ता. क. दुसरा. आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहिलं ते. ती दवाखान्याची जागा तुझ्याच गावात आहे. तुझ्या शाळेच्या मागे, शिंप्याच्या दुकानावरती, कठडा हिरवा आहे. दोघं या रविवारी बघायला येणार आणि मामाला विचारल्याशिवाय ठरवणार नाहीत, कारण आता त्यांना विचारायचा नाद लागला आहे. तू सांगायचं की जागा वाईट आहे. भिंतींना ओल आहे म्हण. जिना पडका आहे म्हण. त्या भागातल्या लोकांचे दात फार चांगले आहेत म्हण, दवाखाना चालायचा नाही. तुला खोटं बोलता येत नाही, तेव्हा आधी भावजयीसमोर सराव कर, आणि बोलताना डोकं खाजवू नकोस, त्यावरूनच तू पकडला जातोस. मी एकटी पडेन वगैरे काही नाही, उगाच डोळे पुसू नकोस. पण बारकी गेली तर वरच्या फळीवरचे कपडे काढायचे कोणी? माझा हात पोचत नाही. बास, एवढंच कारण आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहिते आहे. वरचं करू नकोस. आत्ता बारकी येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आम्ही तिकडे गेलो तर तुला चालेल का?" आजवर या पोरीने मला चप्पल घेतानासुद्धा विचारलं नव्हतं. मी म्हटलं, विचार करून सांगते. तर म्हणाली, कर, आणि स्टूल ओढून बसली. किती वेळ बसली असेल! मी दोन शर्ट केले, तरी बसलेलीच. शेवटी म्हटलं, चालेल. न चालायला काय झालं?

तेव्हा तू जागा नीट बघ आणि खरं असेल तेच सांग. भिंतींना हात लावून बघ. ओल नसेल तर ओल नाही म्हण.

असली, तर आधी मला कळव.